कमी आकड्याचा आनंद

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तेव्हा सांगावं असं जवळ कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांबच्या शहरात संसारात अडकलेली. दिवसभर लिफ्टच्या टपावर उभं राहून अंधारात दोर तपासायचे आणि संध्याकाळी खोलीवर येऊन आपणच दिवा लावायचा. बोलायला काय तो इमारतीचा वॉचमन.

बायोप्सी झाल्यावर फोनवर मुलीपाशी तोंडून निघून गेलं. ती रडली, म्हणाली, ‘‘सुट्टी घेऊन येते.’’

तेवढ्यात रक्ताचा रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन कमी. मिस्त्रीने दवाखान्याच्या रांगेत बसून ऐकलेलं, हा आजार पुरुषाच्या याच हार्मोनवर पोसतो, ते खाली आणायला इंजेक्शनं देतात. मग आपलं तर फुकटातच खाली! त्याने लगेच फोन लावला. ‘‘येऊ नकोस. धोकाबिका काही नाही.’’ तिने सुट्टी रद्द केली.

आता हसू नका त्याला. दवाखान्यात कागद हातात कोंबतात आणि अर्थ विचारला की पुढची तारीख देतात. मधले दिवस माणसाने काय करायचं? अर्थ लावायचा. त्याने लावला.

‘‘आज स्वारी खुशीत?’’ वॉचमनने विचारलं.

‘‘माझा कॅन्सर उपाशी मरणार आहे.’’

‘‘तुमच्याकडे आलेला पाहुणा उपाशीच मरणार, त्यात नवल काय!’’

पुढच्या तारखेला डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि चष्मा काढला. ‘‘हे उपचाराआधीच कमी आहे, मिस्त्री. अशा काही जणांत गाठ जास्त आडदांड निघते. एकट्या या आकड्यावर काही ठरत नाही. पण तुमच्या रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटचा आकडा, आणि बायोप्सी बघता तुम्ही कमी धोक्याच्या गटात नाही. नुसतं लक्ष ठेवून भागणार नाही.’’

मिस्त्रीला आपली लिफ्ट आठवली. त्याच्या धंद्यात नवखी पोरं भरलेल्या लिफ्टलाच तेवढी घाबरतात. ब्रेक सुटला तर रिकामी लिफ्टही वर भिरकावली जाते, दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन तिला ओढून नेतं. हे त्याने कितीकांना शिव्या घालून शिकवलं होतं.

‘‘उपचार ठरवायचेत. घरचं कुणीतरी घेऊन या,’’ बाई म्हणाल्या.

‘‘आणतो की!’’ तो ऐटीत म्हणाला. जिना उतरेपर्यंत ऐट गळून पडली. येऊ नकोस म्हणणारा आपणच, आता कोणत्या तोंडाने बोलवायचं?

खोलीवर येऊन त्याने फोन लावला.

‘‘काय हवा आहे तिकडे?’’

‘‘बाबा, हवा विचारायला फोन करणारे तुम्ही नव्हे. काय झालं?’’

‘‘तो आकडा... मी उलटा समजलो गं.’’

ती भडकली, ‘‘स्वतःच डॉक्टर व्हायचं! कुणाला विचारायचं नाही!’’ आणि लगेच आवाज उतरला. ‘‘माझी सुट्टी आता कामावरच्या दुसरीला दिलीय. पुढच्या आठवड्यात निघते.’’

‘‘ये,’’ तो म्हणाला. सवडीने ये, असं म्हणायचं त्याने गिळलं.

‘‘ठेवू? पोराला आंघोळ घालायचीय.’’

‘‘ठेवू नकोस. बोलू नकोस हवं तर. तसाच राहू दे फोन.’’

तिने तो कुठेतरी फळीवर ठेवला असावा. नळ सुटला, बादली सरकली, नातू साबणाच्या नावाने बोंबलू लागला. मिस्त्री बूट न काढताच खाटेच्या कडेवर बसला, फोन कानाशी घट्ट धरून.