लाल वायरची बाटली

दादाच्या शर्टाची भोकं धुतल्यावर दिसतात. अंगात असतो तोवर शर्ट धडधाकट. दोरीवर वाळत घातला की पोटापाशी चाळण झालेली. बॅटरीतलं ॲसिड असंच असतं. थेंब पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळूनही जातो, कापड मात्र त्याने आतून खाल्लेलं असतं. दादा बॅटऱ्या दुरुस्त करतो आणि मी शेजारच्याच गाळ्यात शिवणकाम करते. मध्ये एक दार आहे, ते दिवसभर उघडं. सख्ख्या भावाच्या शर्टांना ठिगळं लावण्यात माझी अर्धी हयात गेली, आणि प्रत्येक ठिगळाबरोबर मी त्याला चार शब्द ऐकवले. तो हसतो. काहीही झालं तरी हसायचं आणि वेळ मारून न्यायची, हा त्याचा सगळ्यात जुना आजार.

या कामात घसा धरतो. चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या दिवसभर बुडबुडत असतात आणि त्यातून काहीतरी उग्र हवेत उडत राहतं. दादा शिकाऊ होता तेव्हा त्याच्या उस्तादाने त्याला सांगितलं होतं की वरून थंडगार कोल्ड्रिंक मारलं की घसा मोकळा होतो. उस्ताद गेले, दुकान दादाकडे आलं आणि ही सवयही आली. लिंबाच्या चवीचं, पाण्यासारखं पांढरं कोल्ड्रिंक. शटर वर गेलं की एक, जेवणावर एक, आणि घरी निघताना आणखी एक. पाणी तुमचे दादा फक्त बॅटरीत घालतात, असं वहिनी मला म्हणायची.

रिकाम्या बाटल्या वाया जात नसत. ॲसिडचा मोठा कॅन उचलून बॅटरीत ओतता येत नाही, म्हणून दादा ते बाटल्यांत काढून ठेवायचा. लेबल सोलायचं, गळ्याला लाल वायरचा तुकडा पिळायचा, की ती बाटली ॲसिडची झाली. उंचावर ठेवायची नाही, कारण वरून पडली तर डोळे जातात. म्हणून बाटल्यांची रांग टेबलाखाली, जमिनीलगत. तिथला सिमेंटचा कोबा सांडलेल्या थेंबांनी देवीचे व्रण असल्यासारखा खड्ड्याखड्ड्यांचा झाला आहे. जमिनीलगत म्हणजे पोरांच्या हाताशी, हे मी कितीदा सांगितलं. पण आमच्या घरातली पोरं लाल वायरला वाघाला भ्यावं तशी भितात. दादाचा मुलगा त्याच भीतीवर मोठा झाला, आणि आता त्या मुलाची मुलगीही तशीच मोठी होते आहे.

तिला आम्ही बटण म्हणतो. आईबाप कामावर असतात, त्यामुळे शाळा सुटली की ती माझ्याकडे येते आणि बटणांचा डबा उपसून बसते. ती रांगत होती तेव्हापासून दादा तिला त्या रांगेसमोर बसवून विचारायचा, "लाल वायर म्हणजे?"

"हात जळतो."

"आणि तोंडात गेलं तर?"

"मग कधीच बोलता येत नाही."

माझ्या अंगावर काटा यायचा. दादा म्हणायचा, असू दे, भीती असलेली बरी.

त्या दोघांचा दुसराही एक खेळ होता. दुपारची बाटली उघडली की टोपणभर कोल्ड्रिंक बटणला. "आधी कोण?" असं दादाने विचारायचं, "आधी आजोबा," असं तिने म्हणायचं, त्याने एक घोट घ्यायचा आणि मग टोपण तिचं. ते टोपण ती एवढ्या चवीने चाटूनपुसून संपवायची की बघणाऱ्याला तहान लागावी.

मग थंडीच्या सुरुवातीला दादाच्या पायावर ॲसिड सांडलं आणि त्याला कळलंच नाही. घरी चप्पल काढताना वहिनीला दिसलं, अंगठ्याजवळची कातडी सोललेली. जखम भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं, शुगर बघून कपाळाला आठ्या घातल्या, आणि दादाला तोंड भिंतीकडे करायला सांगून तळव्याला टाचणी लावली.

"टोचतंय?"

"लावा की, मग सांगतो," दादा म्हणाला.

वहिनी तिथेच रडायला लागली. डॉक्टरांनी रोजच्या पिण्याचं विचारलं, तेव्हा दादाआधी तीच बोलली. एकदम सुटत नसेल तर कमी करत आणा, डॉक्टर म्हणाले, पण आणाच. आज अंगठा आहे, पुढे घोटा असेल.

वहिनीने कायदा केला. संध्याकाळी घरी, तिच्या डोळ्यांदेखत, एक लहान पेला. दुकानात थेंब नाही. दादाने कानाला खडा लावला. बटणचं टोपणही अर्थातच बंद झालं. सुरुवातीचे दिवस वाईट होते. डोकं दुखायचं, गिऱ्हाइकावर खेकसायचा, स्पॅनर आपटायचा. मग एकाएकी गाडी रुळावर आली. चेहरा निवळला, शीळसुद्धा ऐकू यायला लागली. वहिनीच्या जीवात जीव आला. माझ्या नाही, कारण पाणी पिऊन कोणाला लिंबाचे ढेकर येत नाहीत. एका दुपारी मी त्याचं दुकान उलटंपालटं केलं. कपाट, खोकी, जुन्या बॅटऱ्यांच्या मागे, संडासाच्या टाकीवर. काही मिळालं नाही.

"झडती झाली?" दादा म्हणाला. "आता खिसेही शिवून टाक."

त्याने ती कुठे लपवली होती हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगून टाकते, कारण अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं. लपवली नव्हतीच. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं लेबल सोलून, गळ्याला लाल वायर पिळून, टेबलाखालच्या रांगेत भिंतीकडच्या टोकाला उभी केली होती. त्या रांगेला हात लावायची कोणाची छाती नव्हती. स्वतःच्या अकलेवर खूश होऊन तो रोज वाकायचा, टोकाची बाटली उचलायचा आणि लाल वायरच्या वरून तोंड लावायचा.

आणि एकदा ते बटणने पाहिलं.

"आजोबा, ते ॲसिड आहे ना?"

"ॲसिडच आहे. मोठ्या माणसांना चालतं."

तिने बाटलीकडे नीट पाहिलं म्हणे. "खोटं. बुडबुडे येतायत."

मग दादा हसला. दुसरं काय करणार? आजीला सांगायचं नाही अशी शपथ घातली आणि तोंड बंद राहावं म्हणून टोपणभर दिलं. ज्या पोरीला रांगत्या वयापासून एकच गोष्ट शिकवली होती, तिला त्या एका टोपणात तो उलटं शिकवून बसला. आणि ती पोरगी शब्दाची पक्की. माझ्याजवळ अवाक्षर काढलं नाही तिने.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. थंडीत बॅटऱ्या माना टाकतात, त्यामुळे सकाळपासून दादाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कामाच्या धांदलीत त्याने आपली बाटली सकाळीच संपवली. हातात रिकामी बाटली, समोर कॅन. वर्षानुवर्षं त्या हातांनी जे केलं तेच केलं. बाटली ॲसिडने भरली, टोपण लावलं, आणि जिथून घेतली होती तिथेच, भिंतीकडच्या टोकाला ठेवली. वायर गळ्यात होतीच. डोकं गिऱ्हाइकात होतं. पाच मिनिटांनी विचारलं असतं तरी त्याला आठवलं नसतं.

दुपारी मी एका बाईचं ब्लाउजचं माप घेत होते. बटण मधल्या दारातून पलीकडे गेली, ते रोजचंच होतं. दादा रस्त्यावर एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. ती दुकानाच्या पायरीवर जाऊन हळूच म्हणाली, "आजोबा, टोपणभर घेऊ?"

दादाने मान वर न करता सांगितलं, "घे. पण एकच."

हे मला माझ्या जागेवरून स्पष्ट ऐकू आलं. कसलं टोपण, असा विचार मनात आला आणि मी टेप गळ्यात टाकून मधल्या दाराशी गेले.

बटण टेबलापाशी मांडी घालून बसली होती. दोन्ही गुडघ्यांत बाटली धरलेली, तिच्या गळ्याला लाल वायर. बाटली तिच्या मानाने जड, म्हणून टोपण भरताना बरंच बाहेर सांडलं होतं. आणि ते कोब्यावर फसफसत होतं. पांढरा, दाट फेस, तव्यावर पाणी पडल्यासारखा बारीक आवाज.

"बघ आत्याआजी," ती म्हणाली, "केवढे बुडबुडे."

"बेटा, ते खाली ठेव." मी दारातूनच म्हणाले.

"आजोबांनी घे म्हटलंय."

दादा हात पुसत आत आला. मला पाहून चोरी पकडल्यासारखा हसला. "अगं, ओरडू नको तिला. माझंच आहे ते, कोल्ड्रिंक…" आणि मग त्याची नजर जमिनीवर गेली. कोल्ड्रिंक सांडलं की दोन बुडबुडे येतात आणि विरतात. ॲसिड कोबा खातं तेव्हा काय दिसतं, ते त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, बाकी चेहरा तिथे नव्हता.

"बटण, ते ॲसिड आहे."

"त्या दिवशी पण असंच म्हणालात." तिने टोपण उचललं. "आणि प्यायलात."

"आज खरंच आहे."

"तुम्हालाच सगळं पाहिजे असतं."

टोपण तिच्या हनुवटीशी होतं. मी एक पाऊल टाकलं असतं तर तिने हिसकावून घेतील म्हणून घटकन गिळलं असतं, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. ओरडायची सोय नव्हती, धावायची सोय नव्हती. दादा बधिर पायांनी जिथे होता तिथेच उकिडवा बसला. कसा कोण जाणे, त्याने आवाज अगदी खेळातला काढला.

"बटण, आधी कोण?"

ती थबकली. ओठ बाहेर काढले. नियम म्हणजे नियम.

"आधी आजोबा," ती रुसून म्हणाली आणि हात झटक्याने पुढे केला. त्याने टोपण घेतलं.

"प्या ना," ती म्हणाली.

त्याने ते कोब्यावर ओतलं. पुन्हा फेस आला. तेवढ्यात मी बाटली ओढून घेतली आणि पोरीला उचलून नळाखाली धरलं. हात धुतले, हनुवटी धुतली, ॲसिड मारायला दुकानात खायचा सोडा असतो तो पाण्यात कालवून चोळला. बोटं थोडी लाल झाली होती, बाकी काही नाही. फ्रॉक पाहिला, कोरडा वाटला. ती भेदरून रडत होती आणि मी दादाला नाही नाही ते बोलत होते. दादा तिथेच बसून होता.

"हिच्या आजीला सांगू नको," शेवटी तो म्हणाला.

"मी कशाला सांगू? तू सांगायचं."

"आज सांगतो."

त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सगळ्या लाल वायरच्या बाटल्या मात्र गेल्या. ॲसिडसाठी कुलपाचं लोखंडी कपाट आलं. वहिनीला वाटलं, नवरा सुधारला. मी मूग गिळून बसले नव्हते, रोज त्याच्यामागे लागले होते. रोज तो म्हणायचा, आज नक्की.

मग एका सकाळी वहिनी माझ्या दुकानात आली. हातात बटणचा पिवळा फ्रॉक, नुकताच दोरीवरून काढलेला.

"वन्सं, हे बघा हो काय झालंय."

मी फ्रॉक टेबलावर पसरला. पुढच्या बाजूला भोकं होती. खाली घेरावर मोठी, पोटावर लहान, छातीवर आणखी दोन, आणि शेवटचं कॉलरच्या बटणाला लागून, हनुवटीच्या अगदी खाली. ते बटण मी स्वतः लावलं होतं. त्याचा दोरा जळून काळा पडला होता.

असली भोकं वहिनीने जन्मभर धुतली आहेत. ती मला विचारायला आली नव्हती. मधल्या दारात दादा उभा होता, आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

"हिच्या गळ्याशी हे कुठून आलं?" तिने विचारलं.

दादा पुढे आला. वरच्या भोकावर त्याने बोट ठेवलं, ते आरपार गेलं. मग सगळं सांगितलं. हसला नाही. वहिनीने पुढे बरेच दिवस त्याच्याशी अबोला धरला. फ्रॉक घडी करून ती घेऊन गेली. मला शिवायला दिला नाही, आणि दिला असता तरी मी शिवला नसता.

आता दादा कोल्ड्रिंकला शिवत नाही. संध्याकाळचा पेलाही सुटला. जखम भरत आली आहे, डॉक्टर खूश आहेत, कसं जमवलंत म्हणून विचारतात.

बटण शाळेतून येते तेव्हा अजूनही तिला तहान लागलेली असते. दादा माठातलं पाणी पेल्यात भरून तिच्यासमोर धरतो. ती हात पुढे करत नाही.

"आधी तुम्ही," ती म्हणते.

तो एक घोट घेतो. ती त्याच्या तोंडाकडे बघत थांबते, तो काहीतरी बोलेपर्यंत. तो तिचं नाव घेतो. मग ती पेला घेते.