कवीच्या भाषणानंतरची मोजणी

भिसेगावात राहून मी पीएच.डी. करत होते. विषय होता चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज कवी. हा गृहस्थ आयर्लंडमध्ये सरकारी नोकरीला होता. एकीकडे गोड महाकाव्य लिहायचा आणि दुसरीकडे सरकारला सल्ला द्यायचा, की इथल्या लोकांना उपाशी ठेवून वाकवा, त्यांची भाषा मोडा, जमिनी आपल्या माणसांना द्या. जप्तीतली जमीन त्यालाही मिळाली. पुढे कित्येक पिढ्या इंग्रज राज्यकर्ते त्याच वाटेने गेले.

कडावजवळच्या माझ्या मामाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "जयंतीला विहारात हेच बोल. लोकांना बरोबर कळंल."

लोकांना फारच बरोबर कळलं. कार्यक्रमाचे अध्यक्ष गावचे निवृत्त तलाठी होते आणि ते कविता करत, हे मामा मला सांगायला विसरला होता. मी 'सरकारी नोकर' म्हटलं की माना त्यांच्याकडे वळत, 'कवी' म्हटलं की पुन्हा वळत.

शेवटी मामाच्या शेजारची मावशी उठली. "म्हंजे कविता करनाऱ्यानंच जमिनीचा घोळ घातला, आसंच ना गं?"

"हो, पण आयर्लंडमध्ये," मी घाईने म्हटलं.

"आमचा बांध पन कुनीतरी सरकवलाय."

तलाठ्यांनी वाचायला आणलेली लांबलचक कविता घडी करून खिशात घातली आणि शिक्षणाच्या महत्त्वावर दोन मिनिटं बोलून ते बसले. मामाच्या मते माझ्या पीएच.डी.चा गावाला झालेला हा पहिला फायदा.

सकाळी तलाठी मामाच्या ओटीवर हजर. "ताई, मी निवृत्त झाल्यावर कविता करायला लागलो. नोकरीत एक ओळ लिहिली नाही. एवढं त्या बाईंना सांगा."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी जाऊन सांगितलं, पण मावशी ऐकेना. मग तलाठ्यांनीच तिला सोबत नेऊन मोजणीचा अर्ज करायला लावला. भात कापून झाल्यावर मोजणीवाले आले, त्या दिवशी मीही बांधावर उभी होते. बांध खरोखरच सरकलेला निघाला, तीन फूट, शेजाऱ्याच्या शेतात. जास्तीची जमीन मावशीकडेच होती.

मावशीने मोजणीच्या खुंटीकडे पाठ फिरवली.

"तुझा त्यो कवी लई वाईट मानूस व्हता गं," ती मला म्हणाली.

शेजारी हसू दाबत होता. तलाठ्यांनी मात्र खिशातून कागद काढला आणि आम्हा सगळ्यांना उन्हात उभं करून ती कविता पूर्ण वाचली. कोणाची जागेवरून हलायची हिंमत झाली नाही.