चालत्या गाडीचे इंडिकेटर

माझे मोठे मामा दुधाचा टँकर चालवायचे आणि स्वतःला धुक्यातले पंडित समजायचे. धुक्यात हेडलाइटचा अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तेव्हा डिपरवरच चालवा, हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं. पुढचं मात्र साफ चूक होतं. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवा, म्हणजे मागच्याला लांबून दिसते, असं ते सांगायचे. डेअरीचे ड्रायव्हर त्यांचा शब्द झेलायचे. धाकटे मामा तर त्यांच्याच पावलावर पाऊल टाकून या धंद्यात आलेले. चारही इंडिकेटर उभ्या गाडीसाठी असतात, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

त्या पहाटे दाट धुकं होतं. धाकट्या मामांचा टँकर मोठ्या मामांच्या पाच मिनिटं आधी निघाला. पुलाच्या उतारावर मागचा टायर फुटला. बाजूला घ्यायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी गाडी होती तिथेच थांबवली, चारही इंडिकेटर लावले आणि मागे जाऊन चाक बघायला वाकले. मोठ्या मामांना धुक्यात ती लुकलुक दिसली. धाकटा पुढे चाललाय असं समजून ते निर्धास्तपणे त्याच वेगात येत राहिले. गाडी उभी आहे हे कळलं, तेव्हा ब्रेक लावून उपयोग नव्हता. धाकटे मामा जागीच गेले.

पोलीस चौकीत मीही मोठ्या मामांसोबत होतो. अंमलदारानं त्यांना विचारलं, पुढच्या गाडीचे दिवे चालू होते का. दिव्यांचा तर चुरा झाला होता. खरंखोटं करणारं कुणी नव्हतं. मोठ्या मामींनी आधीच मामांच्या कानाशी लागून बजावलं होतं, नव्हते म्हणा, गेलेल्याला कसली शिक्षा होणार आहे, तुमचं लायसन तरी वाचेल. मला मामींचा संताप आला. आणि खरं सांगतो, मनातून मलाही तेच हवं होतं.

मामा म्हणाले, "दिवे लागले होते. चारही. मला वाटलं, गाडी चालतेय. चालत्या गाडीला ते लावायचे, हे मीच सगळ्यांना शिकवलंय."

लायसन गेलं, खटला उभा राहिला. पंधरवड्यानं मामा धाकट्या मामींच्या घरी गेले, सोबत मी होतो. काहीही हातचं न राखता त्यांनी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर मामींनी मामांपुढे पाण्याचा पेला ठेवला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "ते तुमचं सगळं ऐकायचे."