छपराला टांगलेली झोळी

घाटकोपरच्या टेकडीवर आम्ही झोपडं बांधलं तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येक छपरावर दगड होते, वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून. आमच्या छपरावर मी एकही ठेवू दिला नाही. मधल्या वाशाला तान्ह्या लेकीची झोळी टांगलेली. पत्रा फाटून दगड खाली आला तर कुणाच्या डोक्यात पडणार?

शेजारची मालवणी बाई चिडवायची, "गो, वारो काय इचारून येवचो नाय!" मी दाद दिली नाही. आमचे हे साकीनाक्याला एका वर्कशॉपात फिटर. सळईचे आकडे वाकवून आणायचे, एकेक पत्रा वाशाला जखडायचे, वासे तारेने खांबांना बांधायचे. काम चोख, पण इतकं सावकाश, की वाऱ्याने ह्यांच्यासाठी थांबूनच बसावं! मधला वासा आणि दाराकडची बाजू अजून मोकळीच होती.

त्या दुपारी वारा चढत गेला. उरलेले आकडे आणायला हे धावले आणि इकडे दाराची कडी उखडली. वारा आत घुसला, छप्पर फुगलं. मधला वासा खांबावरून उचलला गेला आणि त्याच्याबरोबर झोळीही. माझ्या डोळ्यांदेखत लेक वर गेली आणि दाणकन खाली आली.

तिला काढून खाटेखाली सारलं आणि मी स्वतः झोळीला लोंबकळले. तरी वासा ऐकेना. "दगड आणा हो, दगड!" मी घसा फाडून ओरडत राहिले. शेजारीण पदरात दगड घेऊन आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आम्ही ते झोळीत भरले. वासा एकदाचा बसला. ती आपलं घर बघायला पळाली आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले.

हे आले ते घामाने निथळत. भरलेली झोळी दिसली तशी त्यांनी आकड्यांची पिशवी खाली टाकली. मी सांगायला गेले, पण ओरडून आवाज पार बसला होता. त्यांनी हसत झोळीची कड सारली आणि लेकीला थोपटायला आत हात घातला.

तो चेहरा मला आजही आठवायला नको वाटतो. दार सोडून मी धावले, त्यांचा हात ओढत खाटेखाली नेला आणि लेकीच्या पोटावर ठेवला. पोट वरखाली होत होतं. दार आपटत होतं, पत्रे धडधडत होते, पण त्यांना तो हात काही काढवेना.