जिथं पाढा तुटला तिथं उतरलो: चिंचवड ते चाकण, सायकलवर

चाकणला जायचं ठरवलं ते आमच्या तालमीच्या वस्तादांनी. पन्नासच्या दशकातली गोष्ट. विषमज्वरानं मी दोन महिने अंथरुणात काढले होते, पाय पार काटक्या झालेले. मला कधी एकदा तालमीत उतरतो असं झालं होतं.

"आधी महिनाभर चाल," वस्ताद म्हणाले. "मग सायकलवर चाकणला जाऊन ये. वाटेत एकोणतीसचा पाढा म्हणायचा. धाप लागून तुटला की खाली उतरायचं. आणि दुसऱ्या दिवशी कुंथल्याशिवाय उठलास तरच लंगोट बांध."

पहारेकरी म्हणून सायकल दुकानवाला दोस्त उस्मान बरोबर दिला. सायकलचं भाडं दिवसाला आठ आणे. हवा, ब्रेक निघतानाच बघून घेतलेले बरे.

महिना चालून झाला आणि एक दिवस उजाडताना निघालो. काय वारं होतं! भोसरीपर्यंत पाढा गाण्यासारखा चालला. मोशीला इंद्रायणीकाठी भाकरी, ठेचा, कांदा खाल्ला, तोही अर्धपोटीच. भरल्या पोटानं चढ चढणं म्हणजे भरल्या गाडीत आणखी पोती टाकणं.

पुढं चढ लागला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्नला छाती भात्यासारखी हलायला लागली. उतरायची लाज वाटली, म्हणून गुपचूप बेचा पाढा धरला.

"राव, बेचा पाढा तर तिरडीवरचा पण म्हणेल," उस्मान म्हणाला. "उतर. नाहीतर वस्तादांना सांगतो."

उतरलो. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी आम्हाला मागं टाकून निघाली.

"सायकल मोडली का रं बाबा?"

"न्हाई मावशी, सायकल धड हाय. ह्योच मोडलाय," उस्माननं माझ्याकडं बोट केलं.

म्हातारी हसली. "मग ढकल की दमादमानं. चाकण काय पळून जातंय व्हय?"

तीनदा उतरलो, पण पोचलो. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्या, एका आण्यात गुळाचा चहा. लिंबाखाली दोन तास पडलो आणि उन्हं कलल्यावर परतलो. येताना एकदाच उतरलो.

सकाळी डोळे उघडले. उठलो. मांड्या भरलेल्या, पण तोंडातून हूं की चूं नाही. आई दारात उभी राहून ऐकत होती. वस्तादांनी तिलाही कामाला लावलं होतं. त्या दिवशी तालमीत जोर मिळाले फक्त दहा, तेही पाढा म्हणत. त्या दहांएवढा आनंद पुढं शंभरांनीही दिला नाही.

परवा गुडघ्याच्या दुखण्यातून उठून पुन्हा चालायला लागलो. सोसायटीच्या फाटकापाशी पाढा तुटला. कट्ट्यावर बसलो, श्वास जागेवर आला, आणि पुढचं म्हटलं: एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. वयही तेवढंच झालंय.