बाण हालून नाही राहिला

तीन आठवडे मी एका लॅपटॉपचा टचपॅड दुरुस्त करत होते, आणि त्याच तीन आठवड्यांत माझ्या बाबांचा उजवा हात जात होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करत बसणार नाही.

मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. कोणाचा प्रिंटर रुसला, कोणाची फाइल हरवली की हाक येते, "मॅडमले बोलवा." मी जाते, दोन बटणं दाबते, काम होतं. त्याचा मला माज होता, नाही कशाला म्हणू? बाबा अकोल्याला एकटेच राहायचे. आई जाऊन चार वर्षं झाली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस. पन्नाशीत सरकारी फर्मानापायी कॉम्प्युटर शिकला आणि मग त्याच्या प्रेमातच पडला.

आमच्या वस्तीत कोणी वारलं की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, वंदना झाल्यावर, त्या माणसाचा जीवनपट वाचून दाखवतात. कुठे जन्म झाला, किती शिकला, कोणाच्या पोराला शाळेत घातलं, कोणत्या मोर्चात मार खाल्ला. ते लिहायचं काम वीस वर्षं बाबांचं. विटा वाहणारी बाई असो की बँकेतला साहेब, प्रत्येकाला मोजून एक पान. "जिता होता तवा कोनं विचारलं नाही त्याले, आता तं पानभर विचारा," असं म्हणायचे. लोक दुखवट्यात असतानाही दारात यायचे, आणि बाबा लॅपटॉप उघडून समोर बसायचे. त्या कामाशिवाय त्यांच्याजवळ दुसरं होतं तरी काय?

पहिला फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवत होते.

"बाण हालून नाही राहिला व बाई," बाबा म्हणाले. स्क्रीनवरच्या कर्सरला ते बाण म्हणायचे. "बोट फिरवतो, तं हा आपला जागच्या जागी."

"बटण दबलं असन तुमच्याकडून," मी म्हटलं. "वरच्या रांगेत टचपॅड बंद करायचं बटण असते. दाबा ते."

दाबलं. काही झालं नाही. पॅड कोरड्या फडक्याने पुसायला लावलं. काही नाही. मग मी माझा रामबाण उपाय काढला, जो मी अख्ख्या ऑफिसला देते: बंद करा, अर्धा तास हात लावू नका, मग चालू करा.

अर्ध्या तासाने फोन आला. "चालू झाला व! तुहा उपाय लागू पडला." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता कळतं ते असं: त्या अर्ध्या तासात लॅपटॉपला काही झालं नव्हतं. बाबांच्या मेंदूकडे जाणारं रक्त कुठेतरी अडलं होतं आणि पुन्हा वाहू लागलं होतं. हात आपोआप परत आला होता. आणि श्रेय मी घेतलं.

चार दिवसांनी तेच. पुन्हा बंद, पुन्हा चालू, पुन्हा शाबासकी. तिसऱ्यांदा मी चिडले. टचपॅडचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, काढून नव्याने टाकायला लावला, फोनवर एकेक शब्द सांगत. बाबांना जमेना, मी ओरडायला लागले. "साधं बोट धड ठेवता येत नाही का तुमाले? उजवीकडं न्या म्हटलं तं डावीकडं काहून नेऊन राहिले?" मास्तर माणूस, वेलांटी चुकली म्हणून ज्यानं पोरांचे कान पिळले, तो पलीकडून गुमान ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बोट जडच वाटून राहिलं व आज." मी म्हटलं, "पॅडवर घाम असन. पुसा."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

मी त्यांना दुरुस्तीच्या दुकानात पाठवलं. दुकानदाराने लॅपटॉप दोन दिवस ठेवून घेतला आणि परत दिला, म्हणे काहीच बिघाड नाही. मी फोनवर त्याला काय वाटेल ते बोलले. लबाड आहे, काम येत नाही, म्हाताऱ्या माणसाला फिरवतो. त्या सगळ्या प्रकरणात खरं बोलणारा तो एकच होता.

मग रविवारी मी नवा माउस घेऊन अकोल्याला गेले. बाबांनी तो माझ्यासमोर नीट चालवला. मी खूश. त्यांनी स्वतः चहा केला, उजव्या हातानं कप पुढे केला तेव्हा बशीत थोडा सांडला. मी कप घेतला आणि मोबाइल बघत चहा प्याले. दुपारच्या गाडीने परत.

बुधवारी फोन. "माउस बी नाही चालून राहिला."

"बाबा, दोन-दोन वस्तू एकदम बिघडतात का कुठं?" हे माझं वाक्य आहे. माझ्याच तोंडून निघालेलं. ते मी बोलले, आणि मला ते ऐकू आलं नाही.

त्याच आठवड्यात वस्तीतली एक म्हातारी वारली, शेजारच्या काकूंची सासू. बाबा तिचं पान लिहायला बसले. गुरुवारी सकाळी त्यांनी मला स्क्रीनचा फोटो पाठवला. पहिल्या चार ओळी स्वच्छ. पाचवीपासून अक्षरंच नाहीत, नुसते काने, मात्रा, वेलांट्या, आणि मधेच एखादा म, न, व. आमच्या मराठी कीबोर्डवर काना-मात्रा डाव्या हाताला असतात आणि बहुतेक अक्षरं उजव्या हाताला. हे मला माहीत होतं. ऑफिसात नव्या पोरींना मीच शिकवते. तो फोटो म्हणजे डाव्या हाताने एकट्याने लिहिलेलं पान होतं, शाळकरी मुलालाही दिसलं असतं. मी काय केलं? मी उत्तर धाडलं, "फॉन्ट बिघडला. बदला." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

लगेच त्यांचा फोन आला. जीभ जड होती. मला वाटलं, आत्ताच उठले असतील.

"बाई... बाण..."

"समजलं बाबा. मीटिंग हाये माही. लॅपटॉप बंद करा. यावेळी चांगला दोन-तीन तास बंद ठेवा, थंड होऊ द्या. तोवर उठू नका, काही करू नका, मी फोन करतो."

ते आज्ञाधारक होते. लॅपटॉप बंद करून खुर्चीत बसून राहिले. मीटिंग लांबली. मी फोन केला नाही.

पावणेतीनला काकूंचा फोन आला. त्या वरण घेऊन गेल्या होत्या. "लवकर ये व पोरी, तुहे बाबा एका बाजूले कलंडले, तोंड वाकडं झालं. मी ऑटोत घालून दवाखान्यात नेऊन राहिलो." मी मिळेल ती एसटी पकडली. बडनेरा मागे पडलं असेल, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. आवाज घाईचा, पण शांत.

"स्कॅन झालाय, रक्तस्राव नाही. गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. शेजारच्या बाई म्हणतात, एक वाजता खिडकीतून बघितलं तेव्हा ते खुर्चीत नीट बसलेले होते, हातही हलवला. म्हणजे वेळ आहे आपल्याकडे. बरोबर ना?"

कोणता हात हलवला असेल, ते मला त्या क्षणी कळलं. मी मोबाइलवर पाहिलं. बाबांचा फोन: दहा चाळीस. घड्याळात साडेतीन वाजत आले होते.

'बरोबर' म्हणावं, असं वाटलं. खोटं कशाला सांगू? माझ्या ओठांवर आलं होतं. कोणाला कळणार होतं? पण इंजेक्शनानं बाबा मेले असते तर? मी म्हटलं, "नाही डॉक्टर. सकाळी दहा चाळीसलाच त्यांचा हात चालत नव्हता. बोलताही येत नव्हतं. आणि त्याआधी तीन आठवडे हे येत-जात होतं."

त्यांनी विचारलं, "तेव्हाच का नाही आणलंत?"

"मी त्यांना लॅपटॉप बंद करून बसायला सांगितलं."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही. खरं सांगितलं ते बरं केलं, असं नंतर वॉर्डात म्हणाले. मी मान हलवली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसून रडले. कोणी विचारलं नाही, दवाखान्याच्या जिन्यात रडणाऱ्या बाईला कोण विचारतं.

आता मी अकोल्याला बदली करून घेतली आहे. बाबांचा उजवा हात मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहतो. बोलणं गेलं. ऐकू येतं, कळतं सगळं, डॉक्टरांनी चाचण्या घेऊन तसं सांगितलंय. त्यांना भरवणं, पुसणं, व्यायाम, सगळं मी करते. भेटायला येणाऱ्या बाया पदर डोळ्यांना लावतात. परवा काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लेक असावी तं अशी! बापासाठी बदली घेतली पोरीनं. हिच्यामुळंच वाचले मास्तर."

दहा चाळीसच्या फोनबद्दल मी कोणालाही सांगितलेलं नाही. डॉक्टर आता विसरले असतील. राहता राहिले बाबा. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता तरी मान आडवी हलवतील.

त्यांनी काकूंकडे पाहून मान डोलावली. हो, हो.