राबाची साक्ष

तेविसाव्या वर्षी माझं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. पालघरला तालुक्याच्या कोर्टात साक्षी उतरवण्याचं काम मला मिळालं ते त्या अक्षरामुळेच. साक्षीदार बोलायचा, आणि मी त्याचं बोलणं घासूनपुसून शुद्ध मराठीत कागदावर उतरवायचो. शेवटी ते त्याला वाचून दाखवायचं, 'वाचून दाखवले, बरोबर आहे' असं लिहायचं आणि खाली सही किंवा अंगठा घ्यायचा. शुद्ध करता करता मी काय काय गाळतो, हे कोणी विचारत नव्हतं. मीही स्वतःला कधी विचारलं नाही.

आमचे न्यायाधीश वऱ्हाडातले, नुकतेच बदलून आलेले. डोंगराकडची बोली त्यांच्या कानाला नवी होती. अडलं की ते माझ्याकडे बघायचे, "काय म्हणतात?" मी चिंचणीचा, म्हणजे इथलाच, अशा थाटात अर्थ सांगायचो. खरं तर आमची चिकूची वाडी. भातशेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण उंटावरच्या शहाण्याला खाली उतरायला कोण सांगणार?

साठचं दशक बरंच पुढे सरकलं होतं; तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि बोईसर स्टेशनवर हिंदी कानावर पडायला लागली होती. त्या सुमारास मासवणच्या पलीकडच्या एका पाड्यातल्या बाईचा दावा आमच्यासमोर आला. नवरा वारलेला, पदरी दोन पोरं आणि पावसावर पिकणारा जमिनीचा एक तुकडा. तिच्याविरुद्ध उभा होता सखल भागातला एक मोठा जमीनवाला. त्याचं म्हणणं, दोन वर्षांमागे पावसाच्या आधीपासून तो तुकडा त्याच्याच कब्जात होता, बाई नंतर घुसली. तेव्हा त्या वर्षी पावसाआधी जमीन कोण कसत होतं, एवढ्याच गोष्टीवर सगळं अडलं होतं. बाई हरली असती तर पोरांना घेऊन वीटभट्टीवर जाण्यावाचून तिला गती नव्हती.

जमीनवाल्याच्या वकिलाने तिला तारीख विचारली. बाई म्हणाली, "राब भाजला तवा मीच व्हती तिथं. ऐनाच्या फांद्या मीच तोडल्या." वकील हसला. पुन्हा तारीख विचारली, पुन्हा तेच उत्तर. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तारीख सांगता येत नाही म्हणते, साहेब." आणि लिहिलं तेच, सुबक अक्षरात. नंतर भरभर वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला. ती कागदाकडे बघत राहिली होती, ते मला दिसलं होतं. मी पुढच्या साक्षीदाराला हाक मारली.

युक्तिवाद संपले. पुढच्या मंगळवारी निकाल सांगायचा होता. शनिवारी निघताना साहेबांनी मला कच्चा मसुदा नीट उतरवून काढायला दिला. निकाल बाईच्या विरुद्ध होता. कारण स्पष्ट लिहिलं होतं: पावसाआधीच्या कब्जाबद्दल तिला काहीही सांगता आलेलं नाही.

मी पालघरची खोली बंद करून रविवारसाठी घरी गेलो. जेवताना, कोणाचं नाव न घेता, वडिलांना गंमत म्हणून सांगितलं, की तारीख विचारली तर एक बाई राबाचं सांगत बसली. वडिलांचा घास हातातच राहिला.

"मंग आनखी काय सांगायचं ऱ्हायलं?" ते म्हणाले. "पाला, शेण पसरून उन्हाळ्यात जागा भाजायची, तिथंच भाताची रोपं करायची, त्याला राब म्हनतात. जो राब भाजतो, जमीन तोच कसतो. तारीख कशाला पायजे? शिकलास ना रे तू?"

मी पानावरून उठलो. त्या बाईच्या आठवणीने मला स्वतःची लाज वाटत होती आणि, खोटं कशाला बोलू, नोकरीची भीतीही तितकीच वाटत होती. गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं. कागद नीट होता, अंगठा खाली होता.

सोमवारी कोर्ट भरण्याआधी मी साहेबांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ते ऐकत राहिले. मग मसुदा मागून घेतला, माझ्यासमोर उभा-आडवा फाडला आणि म्हणाले, "मला नेमताना कायद्याचे पुष्कळ प्रश्न विचारले. राब म्हणजे काय, हे कोणी विचारलं नाही. तुमच्या तोंडाकडे बघण्याऐवजी मी तिलाच विचारायला हवं होतं. बसा. चहा घ्या."

मंगळवारी निकालाऐवजी त्यांनी दोन्ही वकिलांना झालं ते उघड सांगितलं. जमीनवाल्याच्या वकिलाने हरकत घेतली, ती लिहून घेतली. बाईची साक्ष पुन्हा झाली, तिच्याच शब्दांत. मग सगळे जागा पाहायला गेलो.

शेतात साहेबांनी जमीनवाल्याला साधाच प्रश्न केला, "त्या वर्षी राब कुठं भाजलात?" त्याने ओढ्यालगतच्या खोलगट जागेकडे बोट केलं. बाई खळखळून हसली.

"का हसलात?" साहेबांनी विचारलं.

"तिथं पानी भरते, सायबा. रोपं कुजून जातील. तिथं कोन राब भाजल?" असं म्हणून ती वर चढावर गेली आणि छाटलेल्या ऐनाखाली उभी राहिली.

परतताना मी उत्साहाने म्हणालो, की आता निकाल लागल्यातच जमा. साहेब म्हणाले, "हसण्यावर निकाल देता येत नाही." त्यांनी शेजारच्या दोन शेतकऱ्यांना बोलावलं, एकेकट्याला विचारलं. दोघांनीही ऐनाखालचीच जागा सांगितली आणि भाजणारी म्हणून बाईचंच नाव घेतलं. मग निकाल लागला. जमीन बाईची राहिली. माझ्या चुकीबद्दल निकालात एकच ओळ होती: 'साक्ष नोंदवताना न्यायालयाकडून चूक झाली.' न्यायालयाकडून! मी ते वाचलं आणि डोळे भरून आले.

पुढे मी वकिलीची परीक्षा दिली, आणि बऱ्याच वर्षांनी न्यायाधीशाच्या जागेसाठी अर्ज केला. साहेबांनी दिलेल्या शिफारसपत्रात माझ्या मोत्यासारख्या अक्षराचा उल्लेखच नव्हता. 'चूक झाल्यावर लपवत नाहीत' एवढंच होतं. त्या पत्राने मला खुर्ची मिळाली की नाही कोण जाणे, पण खुर्चीत कसं बसायचं ते मला त्याच माणसाने दाखवलं. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरलो नाही.

पण निकालाच्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, निकाल समजावून घ्यायचा असेल. मी कागद उघडला.

"त्यो नको," ती म्हणाली. "माजा बोलना वाच."

मी तिची दुसरी साक्ष काढली आणि सावकाश वाचली. 'राब भाजला तवा मीच व्हती तिथं. ऐनाच्या फांद्या मीच तोडल्या.' तिने मान हलवली.

"हां," ती म्हणाली. "आता मी हाय त्यात."